दृष्टांतकथेचे सत्यत्व

ब्रह्मविद्येचे निरूपण श्रवण करताना जिज्ञासूच्या मनात एक शंका सहज उद्भवते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे वचन सत्यच असले पाहिजे. मग दृष्टांतात येणारे जात्यंध व त्यांनी चाचपलेला हत्ती हे सर्व कोठे घडले होते काय? घडले नसेल, तर न घडलेल्या गोष्टीने सत्याचा बोध कसा व्हावा? आणि असत्याचा त्याग केलेल्या भिक्षुकाने ती गोष्ट सांगावी काय?

समाधान असे. न्यायशास्त्राने सोळा पदार्थांत दृष्टांताची गणना केली आहे. ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस व परीक्षक या दोघांची बुद्धी समान होते, तो दृष्टांत. हत्ती कोणत्या गावी आला, हे तेथे सिद्ध करावयाचे नसते. केवळ पाय चाचपणाऱ्यास संपूर्ण हत्ती कळत नाही, एवढेच मान्य व्हावयाचे असते; आणि ते कोणीही नाकारीत नाही. न घडलेले घडले असे श्रोत्याने समजावे, या हेतूने बोलणे हे असत्य. दृष्टांतात तो हेतूच नाही. म्हणून तेथे असत्याचा दोषही नाही.

परंतु कथा स्वतःच्या बळावर अर्थ देत नाही, हेही ध्यानी घ्यावे. हाच हत्ती बौद्धांच्या ‘उदान’ ग्रंथात आहे; तेथे तो मतामतांच्या कलहाची निरर्थकता दाखवितो. जैन आचार्य त्याच्याच आधारे अनेकान्त समजावितात. आपल्या दृष्टांतात मात्र भर डोळस पुरुषावर आहे: एकेक अंग धरणाऱ्याचे ज्ञान एकदेशी, आणि संपूर्ण जाणणारा ज्ञाता निराळा. हत्ती एकच, पण बोध तीन. म्हणूनच केशिराजबासांनी दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांत नुसते संकलित केले नाहीत. आधी स्वामींचे सूत्र, मग स्वामींचा दृष्टांत आणि शेवटी स्वतः लिहिलेले दार्ष्टांतिक, अशी त्यांनी योजना केली. सूत्र कथेला दिशा देते. दार्ष्टांतिक तिला मुक्कामी पोहोचविते.

यावर कोणी म्हणेल, सूत्रच पुरे होते, कथेचे प्रयोजन काय? त्याचे उत्तर श्रीनागदेवाचार्यांच्या आचरणात आहे. केशिराजबासांची लेखणी संस्कृताकडे वळली, तेव्हा आपल्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील म्हणून आचार्यांनी त्यांस निवारिले. पंडिताला सूत्र पुरते. ज्याला ते पेलत नाही, त्याच्यासाठी दृष्टांत आहे. तो करुणेचा भाग आहे.

लीळेचा नियम मात्र याहून वेगळा. लीळेचे सर्व मोल ती घडली यातच आहे, कारण असन्निधानी साधकाचे स्मरण तिच्यावर उभे असते. म्हणून म्हाइंभटांनी ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन लीळा मिळविल्या. आणि लीळाचरित्राच्या पोथ्यांत भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून नोंदलेले आढळतात, ते गाळलेले नाहीत. दृष्टांत सुचविणाऱ्याला मोकळीक आहे, लीळा सांगणाऱ्याला एका शब्दाचीही नाही. काव्याचे स्थान या दोहोंहून निराळे. भास्करभट्ट बोरीकरांचा ‘शिशुपालवध’ पाहून, ग्रंथ चांगला झाला, परंतु निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय मिळाल्याची परंपरा आहे. तेव्हा भास्करभट्टांनी रोष धरिला नाही; ते ‘उद्धवगीते’कडे वळले. रसाला बंदी नव्हती. रस श्रोत्याला कोठे नेतो, एवढाच प्रश्न होता.

आज निरूपणात हा विवेक शिथिल होताना दिसतो. कथा रंगते, सभा हसते, आणि घरी जाताना वासनिकास कथा आठवते, सूत्र आठवत नाही. क्वचित लीळेलाही रंजनासाठी पदरचे तिखटमीठ लाविले जाते. पहिल्या प्रकारात श्रोता वाटेतच थांबतो; दुसऱ्यात त्याचे स्मरणच दूषित होते. हा दुसरा दोष अधिक घोर, कारण ज्याने ऐकले त्याला तो कळतही नाही.

म्हणून निरूपणकाराने दृष्टांत सांगून सोडू नये, दार्ष्टांतिकापर्यंत न्यावा. लीळा ऐकली तशीच सांगावी, व पाठभेद असेल तर तोही सांगावा. श्रोत्यानेही कथा संपताच स्वतःस विचारावे की, हे कोणत्या सूत्रासाठी होते? उत्तर न सापडल्यास पुन्हा श्रवण करावे. त्यात कमीपणा नाही.