कपाटातले पिस्तूल आणि वारशाची जबाबदारी



वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घर, थोडी जमीन, आजीच्या बांगड्या येतात. पण वाडवडिलांकडून अशाही वस्तू येतात, ज्या आपण मागितलेल्या नसतात आणि ज्यांचे काय करावे ते सुचत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत आणि माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जात आहेत. आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाला अशाच एका ट्रंकेत, फडक्यात गुंडाळलेले, तळहाताएवढे जुने पिस्तूल सापडले. पणजोबा रेल्वेत होते. ‘साहेबाने त्यांना भेट दिले’ अशी घरातली आख्यायिका.

तीन भावंडे आणि तीन मते. थोरला म्हणाला, “शोकेसमध्ये ठेवू, घराण्याची आठवण आहे.” धाकटा म्हणाला, “रात्री खाडीत टाकून देऊ, पोलिसांची कटकट नको.” बहीण म्हणाली, “आधी हे आहे काय ते तरी समजून घेऊ.” पुढे तिघेही आमच्याकडे आली आणि प्रश्न आला, “फादर, वस्तू पापी असते का?”

नाही, वस्तू पापी नसते. पाप करायला इच्छा लागते आणि लोखंडाला इच्छा नसते. पण एवढ्यावर थांबता येत नाही. ॲरिस्टॉटल शिकवतो की वस्तू समजायची तर ती कशासाठी घडवली हे विचारले पाहिजे. कोयत्याने लाकूडही तुटते. खिशातले पिस्तूल शिकारीच्या कामाचे नाही, त्याचा नेम लांबवर लागत नाही. ते लहान आहे, कारण ते लपवायचे आहे. ते जवळच्या माणसासाठी घडवले आहे. १४ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्यावर नाट्यगृहात गोळी झाडली गेली, ती अशाच मुठीत मावणाऱ्या पिस्तुलातून. वस्तू निर्दोष असेल, पण तिचा हेतू तिच्या आकारातच कोरलेला असतो.

आपल्या ठाण्याचाही अशा एका पिस्तुलाशी संबंध आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे या तरुणाने ब्राउनिंग पिस्तुलाने वध केला. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. एकाच शस्त्राकडे कुणी स्वातंत्र्यासाठी दिलेल्या प्राणांची खूण म्हणून पाहील, तर ज्या घरातला माणूस गेला ते घर वेगळ्या नजरेने पाहील. लोखंड तेच असते. म्हणून शस्त्राची आठवण सांगताना अर्धी गोष्ट सांगून चालत नाही.

आता त्या कुटुंबाकडे येऊ. बहिणीचे म्हणणे आम्हाला पटले. सत्य जाणून घेतल्याशिवाय अभिमानही खोटा आणि लाजही खोटी. पण जाणून घेण्याचीही रीत असते. जुन्या शस्त्राचा चाप ओढून पाहू नये, ते साफ करू नये, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये. नळीत जुनी दारू भरलेली राहिली असेल, तर ती कित्येक दशकांनीही पेट घेऊ शकते. कुटुंबाने पोलीस ठाण्याला कळवले, शस्त्र जमा केले, पावती घेतली. जाणकाराने पाहिले तेव्हा नळीवर अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ ही अक्षरे दिसली. हा बेल्जियममधील लीज शहराच्या चाचणीगृहाचा शिक्का. १८९३ पासून त्यावर मुकुट आला. इथे मुकुट नाही, म्हणजे पिस्तूल त्याआधीचे.

शिक्का जन्मस्थान सांगतो, पण पणजोबांना ते कुणी आणि का दिले हे सांगत नाही. मग मुलांना “असेच घडले” असे न सांगता “असे ऐकले आहे” म्हणावे. हा छोटासा प्रामाणिकपणाही पूर्वजांचा मानच आहे.

थोरल्या भावाला एक काळजी होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना शस्त्रासाठी परवाना लागत असे, युरोपियनांना सूट होती. पणजोबांचा परवाना ट्रंकेत मिळाला नाही. मग ते गुन्हेगार ठरतात का? कागद सापडला नाही, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. त्यावरून निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय बापाच्या दोषाचा भार मुलावर येत नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याने केव्हाच शिकवले आहे. दोष वारशाने येत नाही. जबाबदारी मात्र येते. ज्या दिवशी ट्रंक उघडली, त्या दिवसापासून ती वस्तू आपली.

कायदाही हेच धरून चालतो. १९५९ चा शस्त्र कायदा जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट देतो, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तरच. ते घरात बसून आपण ठरवायचे नाही. खाडीत टाकणे हा धाकट्याचा मार्ग सोपा दिसतो, पण तेही लपवणेच आहे. ओहोटीला चिखलात एखाद्या मुलाच्या हाती ते लागले, तर? भंगारवाल्याला गुपचूप विकणे म्हणजे जबाबदारी अनोळखी माणसावर ढकलणे.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की वस्तू आपल्या ताब्यात असली तरी तिचा वापर सर्वांच्या हिताचा हवा. गेथसेमनी बागेत पेत्राने तलवार उपसली ती प्रेमापोटी, धन्याच्या रक्षणासाठी. तरीही प्रभूने ती म्यानात घालायला सांगितली. चांगल्या हेतूने हाती धरलेले शस्त्रही खाली ठेवावे लागते.

पिस्तूल परत मिळेल की नाही, हे अजून ठरलेले नाही. थोरला भाऊ अजून थोडा नाराज आहे, आणि त्याचे दुःख आम्ही समजू शकतो. पण पणजोबांची आठवण त्या लोखंडात अडकलेली नाही. त्यांनी रेल्वेत राबून मुलांना शिकवले. तो वारसा परवान्याशिवाय सांभाळता येतो.

तुमच्याही घरी माळ्यावर असे काही असेल, तर लपवू नका आणि फेकू नका. पोलीस ठाण्याला कळवा. एकट्याने जायची भीती वाटत असेल, तर आम्हाला सांगा. आम्ही बरोबर येऊ.

आपले,
धर्मगुरू