लय आणि समाधी

पहाटे स्नान करून गृहस्थ देवघरात आसनावर बसतो. नाम घेता घेता मन शांत होते, श्वास मंदावतो, देहाचे भान सुटते. घटकाभराने डोळे उघडतात तेव्हा मधले काहीच आठवत नाही. फक्त बरे वाटत असते. हीच का ती समाधी? घरातली भाविक मंडळी तर तसे म्हणून मोकळीही होतात.

मांडूक्योपनिषद अवघ्या १२ मंत्रांचे. जागृती, स्वप्न व सुषुप्ती यांच्या पलीकडचे तुरीय त्यात सांगितले आहे. द्वैत गाढ निद्रेतही दिसत नाही आणि तुरीयातही दिसत नाही. म्हणून वरवर पाहता दोन्ही सारखीच भासतात. गौडपादाचार्यांनी कारिकांमध्ये हा घोटाळा नेमका हेरला. सुषुप्तीत मन लीन होते, पण अज्ञानाचे बीज तसेच राहते. विवेकाने आवरलेले मन मात्र असे लीन होत नाही. पतंजलींनी तर निद्रेलाही वृत्तींमध्येच गणले आहे, आणि योग म्हणजे वृत्तींचा निरोध. मग झोपेला योग कसे म्हणावे?

तोच गृहस्थ तासाभराने दुकानात बसतो आणि पहिल्याच गिऱ्हाइकाशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. कालचाच लोभ, कालचाच क्रोध. हे ध्यानात आले म्हणजे तो खिन्न होतो, आणि येथेच पुष्कळांचे आसन कायमचे सुटते.

आचार्यांनी मात्र अशा साधकाची निंदा केली नाही, उपाय सांगितला. मन लयाकडे झुकले की जागे करावे. विषयांकडे धावले की शांत करावे. सुप्त वासनेने जडावले असेल तर ते ओळखावे. सम झाले की मग हलवू नये. त्या स्थितीतील सुखाची गोडीही चाखत बसू नये. हे शेवटचे पथ्य सर्वांत अवघड, कारण गोड सोडायला सांगणारा वैद्य कोणालाच रुचत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाच्या विधीबरोबर अन्न आणि झोप यांच्या प्रमाणाचाही विचार आहे, तो उगीच नव्हे. रात्री उशिरा जेवून अपुऱ्या झोपेने बसणाऱ्याला डुलकी येणारच. त्यात पाप कसले? त्याच अध्यायात अर्जुन भीत भीत विचारतो की, मध्येच ढळलेला साधक विरलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाहीसा तर होत नाही ना? त्या वेळी भगवंत त्याला ‘तात’ म्हणतात, बाप लेकराला म्हणतो तसे, आणि सांगतात की कल्याणाच्या वाटेला लागलेला कोणीही दुर्गतीस जात नाही.