दैव, हिशेब आणि घरातला निर्णय

कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराला पोटापाण्याचे निर्णय अर्धवट माहितीवर घ्यावे लागतात. चाड्यावर मूठ धरताना पुढचा पाऊस ठाऊक नसतो आणि सुगीनंतरचा भावही. अशा निर्णयात प्रयत्नाचा वाटा किती आणि दैवाचा किती, हा भारतीय तत्त्वचिंतनातला जुना प्रश्न आहे. गीतेच्या 18व्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. म्हणजे दैव नाकारलेले नाही, पण सगळे त्याच्यावर सोडलेलेही नाही.

सोलापूरकडच्या शेतकरी घराचा हिशेब याच धर्तीचा असतो. भारी काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून रब्बीची ज्वारी पेरतात. नगदी पिकापुढे तिचा पैसा कमी. पण दाणा घरात राहतो आणि कडबा जनावरांना होतो. बाजरीत तुरीच्या ओळी घालतात, कारण एक पीक गेले तरी दुसरे काहीतरी हाती लागते. दावणीच्या दोन शेळ्या दवाखान्याच्या किंवा शाळेच्या खर्चाला विकता येतात. जमल्यास घरातला एक जण पुण्या-मुंबईला कामाला जातो. जास्तीत जास्त मिळवण्यापेक्षा वाईट वर्षी घर मोडू नये, हे या साऱ्यामागचे सूत्र.

या सावधपणाला दैववाद म्हणण्याची सवय जुनी आहे. पण राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी 1976 मध्ये ब्रह्मदेश आणि व्हिएतनामच्या शेतकऱ्यांविषयी लिहिताना त्यात जगण्याच्या हक्काची नीती पाहिली. त्याउलट राज्यशास्त्रज्ञ सॅम्युअल पॉपकिन यांनी 1979 मध्ये वैयक्तिक लाभाच्या हिशेबावर भर दिला. भारतातल्या कोरडवाहू गावांत अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी खऱ्या पैशांवर खेळ मांडून लोकांची जोखमीची वृत्ती तपासली. त्यांचे निष्कर्ष 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. रक्कम मोठी झाली की बहुतेक सगळेच बेताने सावध होत आणि गरीब-सधन यांच्यात फारसा फरक राहत नसे. म्हणजे गरिबाचा हात आखडतो तो स्वभावामुळे कमी, आणि कर्ज, पाणी व साधने यांच्या अभावामुळे जास्त.

मात्र घर तगले म्हणजे घरातला प्रत्येक जण सुखरूप राहिला, असे होत नाही. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी कुटुंबाचे वर्णन सहकार्य आणि संघर्ष एकत्र नांदणारी जागा असे केले आहे. बीड जिल्ह्यातल्या मजुरांची ऊसतोड हे त्याचे ठळक उदाहरण. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतली जाते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून आजारपण अंगावर काढावे लागते. मुले आजी-आजोबांकडे गावी राहतात किंवा शाळा सोडून फडावर येतात. तोडकरी बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याची चर्चा 2019 मध्ये झाली आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. उचल घेतल्याने घराचे वर्ष निभते. त्याची किंमत बाईच्या शरीरातून आणि मुलाच्या शिक्षणातून जाते.

म्हणून अशा निर्णयाची नीती केवळ फळावरून ठरवता येत नाही. पाऊस न आल्याने चुकलेली पेरणी दोषास्पद नसते, आणि नशिबाने साधलेला व्यवहार न्याय्य असतोच असे नाही. जोखीम ज्याच्या अंगावर येणार त्याला निर्णयात बोलायला जागा होती का, आणि ‘नाही’ म्हणण्याइतका आधार होता का, ही खरी कसोटी. दैवाचा वाटा कुणाच्या हाती नसतो. दैवाचा फटका कुणी सोसायचा, हे मात्र माणसेच ठरवतात.