मोडक्या रेडिओपासून एक बोध

वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) या गावीं एका घरीं जुना रेडिओ मुका होऊन पडला होता. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. पुढें कित्येक वर्षें अशाच पेट्यांनीं विदर्भाच्या खेड्यापाड्यांत बातम्या व बाजारभाव पोंचविले. ही पेटी मात्र भंगारांत जावयाची होती. इतक्यांत एका कारागिरानें ती मागून घेतली. त्याचें काम आम्हीं जवळ बसून पाहिलें.

प्रथम त्यानें वीज तोडली. परंतु वीज तुटली तरी कंडेन्सरांत भार साठून राहतो व बेसावध हातास झटका देतो. म्हणून तो भार त्यानें आधीं उतरविला. नंतर एकेक डाग तापवून वितळविला, भाग सोडविले व मीटर लावून पारखले. ट्रान्सफॉर्मरचें वेटोळें शाबूत निघालें, स्पीकरचें लोहचुंबक धड होतें, केंद्र लावावयाचा गँग कंडेन्सरही चांगला होता. जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र आंतून सुकले होते. ते त्यानें बाजूस ठेविले. तारा जाळून तांबें काढणें सोपें, पण त्या धुरानें माणसाच्या छातींत विष जातें. म्हणून त्यानें त्या सोलून घेतल्या.

तें पाहून आमच्या मनास टोंचणी लागली. आपल्या मंडळ्यांत एखादा भाऊ दारूच्या नादीं लागतो, किंवा मंडळीच्या पैशांत त्याचा हात चुकतो. आपण पंचांची बैठक भरवितों, नांव खोडितों, आणि त्याच्यासह त्याची बायको व लेंकरेंही उपासनेस यावयाचीं बंद होतात. एक भाग जळाला म्हणून सारी पेटी आपण भंगारांत टाकिली कीं नाहीं?

प्रभूची रीत ही नव्हे. पांच हजारांस जेवूं घातल्यावर उरलेले तुकडे त्यानें गोळा करावयास लाविले, व बारा टोपल्या भरल्या. जो भाकरीच्या तुकड्याची काळजी करितो, तो माणसाची करणार नाहीं काय?

म्हणून आपणही आधीं मनांतील रागाचा भार उतरवावा. तो घेऊन भावाच्या दारीं गेलों तर झटकाच बसेल. मग पारख करावी. ज्याचा हात पैशांत चुकला त्यास लागलीच खजिना सोंपवूं नये. हें प्रेमाविरुद्ध नाहीं. पण त्याचा गळा शाबूत आहे, त्याची प्रार्थना शाबूत आहे, लेंकरांवरील माया शाबूत आहे. चारचौघांत त्याची अब्रू जाळून त्यास सुधारूं पाहूं नये; त्या धुरानें सारी मंडळी गुदमरते.

मात्र एका गोष्टींत कारागीर व प्रभु सारखे नाहींत. कारागिरानें कामाचे भाग ठेविले. ती पेटी पुन्हां बोलली नाहीं. आपणही पुष्कळदां तसेंच करितों. नाताळांत ढोलकी वाजवावयास त्या भावास बोलावितों, आणि एरवीं त्याचा उंबरा ओलांडीत नाहीं. प्रभु कामापुरते तुकडे घेत नाहीं. तो सबंध माणूस मागतो, जळलेल्या भागासकट. यिर्मयानें कुंभाराच्या घरीं हेंच पाहिलें: बिघडलेल्या मातीचेंच दुसरें भांडें झालें. पेत्रानें तीन वेळां नाकारिलें, आणि त्याच पेत्राच्या हातीं प्रभूनें आपलीं मेंढरें दिलीं.

उपदेशक बंधूंनो, या आठवड्यांत हजेरीचें पुस्तक उघडा. खोडलेलें एक नांव पाहा, आणि त्या घरीं जाऊन बसा. पहिल्या दिवशीं बोध करूं नका. कुशल विचारा, आणि लेंकरांस रविवारच्या शाळेस बोलावा. खोडण्याजोगीं नांवें आमचींही होतीं, तरी प्रभु आमच्या दारीं आला. आमेन.