ना इकडचा, ना तिकडचा

आजचे चिंतन : अध्याय सहावा, गीतेचे श्लोक ३७ ते ४५ आणि त्यांवरील माउलींच्या ओव्या.

काल आपण मनाच्या चंचलपणापाशी थांबलो होतो. मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, अशी तक्रार अर्जुनानं केली आणि भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. आज पुढचं सरळ वाचत जाऊ असं ठरवलं होतं. पण परवा रात्री साडेअकराला माझ्या धाकट्या मावसभावाचा फोन आला, आणि आजचे श्लोक वाचताना तो फोनच सारखा कानात राहिला. त्यामुळे आजचं चिंतन जरा लांबेल, सांभाळून घ्या.

परवा त्याला सव्विसावं लागलं. मेकॅनिकलची डिग्री हातात पडली तसा तो राज्यसेवेच्या तयारीला पुण्यात आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, पहाटे उठून अभ्यासिकेत जागा धरायची, मेसचं जेवायचं, रात्री कट्ट्यावर चहा. अशी तीन वर्षं गेली. एकदा पूर्व निघाली, पण मुख्य परीक्षेत थोडक्यात गेला. या वेळी तर पूर्वच गेली. घरून पैसे मागवायची लाज वाटायला लागली म्हणून मागच्या महिन्यात सामान बांधून गावी आला.

"दादा, माझ्या बॅचचे सगळे कुठल्या कुठे गेले रे," तो म्हणाला. "एक जर्मनीत आहे, एकाचं लग्न ठरलंय, एकानं गाडी घेतली तर शोरूममधला हार घातलेला फोटो ग्रुपवर टाकलाय. मी इंटरव्ह्यूला गेलो की विचारतात, तीन वर्षं काय करत होतात? आणि पोस्ट तर निघाली नाही. मी ना इंजिनिअर ना अधिकारी. ना इकडचा, ना तिकडचा."

मी त्याला काय म्हणालो? अरे, हे काय वय आहे का निराश व्हायचं, होईल सगळं, वगैरे. मोठ्या भावांकडे अशी वाक्यं तयारच असतात. फोन ठेवल्यावर त्यातलं एकही वाक्य मला स्वतःला पटलं नव्हतं.

काल सकाळी पोथी उघडली, तर अर्जुन नेमकं हेच विचारतोय.

अर्जुनाचा प्रश्न असा आहे : देवा, एखाद्याची श्रद्धा आहे, तो या वाटेला लागलाही आहे, पण प्रयत्न कमी पडला, मन मध्येच ढळलं आणि सिद्धी हाती आली नाही, तर त्याचं काय होतं? संसारातलं सुख त्यानं सोडलेलं, आणि पुढचं मिळालेलं नाही. फाटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून नाहीसा तर होत नाही ना?

यात एक बारकावा आहे. हा आळशी माणसाचा प्रश्न नाही. जो निघालाच नाही, त्याला मध्येच राहण्याची भीती कशी असेल? जो काहीतरी सोडून निघालाय, त्यालाच रात्री साडेअकराला हा प्रश्न पडतो.

माउलींनी इथे दोन चित्रं काढली आहेत. पहिलं वाटसराचं. इंद्रियांचं गाव सोडून तो पुढच्या नगराला जायला निघाला आहे. पुढचं गाव आलं नाही, मागे फिरणं होत नाही, आणि वाटेतच आयुष्याचा सूर्य मावळला. दुसरं चित्र अवकाळी आलेल्या ढगाचं. पातळसा, जरासा, चुकून आलेला. तो टिकतही नाही आणि बरसतही नाही. गावाकडची मंडळी हे लगेच ओळखतील. शेतकरी अशा ढगाकडे मान वर करून बघतो, आणि थोड्या वेळानं वर बघितलं तर तिथे काहीच नसतं. पंचविशीतल्या मुलाला स्वतःबद्दल जे वाटतं ते याहून नेमकं कुणी सांगितलेलं मला तरी माहीत नाही.

आता उत्तर. उत्तराआधी भगवंत अर्जुनाला कशी हाक मारतात ते बघण्यासारखं आहे. पार्थ तर म्हणतातच, पण श्लोक ४० मध्ये 'तात' असाही शब्द येतो. अख्ख्या गीतेत अर्जुनासाठी ही हाक इथेच येते. तात म्हणजे खरं तर वडील, पण लेकराला किंवा शिष्याला मायेनं बोलवतानाही तोच शब्द वापरतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपणही रडकुंडीला आलेल्या पोराला "अरे बाबा" म्हणतोच की. माझे आजोबा, म्हणजे आबा, मला कायम असंच बोलवायचे. "काय रे बाबा, जेवलास का?"

तर भगवंत म्हणतात, अरे बाबा, जो कल्याणाचं काही करतो त्याची इथेही दुर्गती होत नाही आणि पुढेही नाही. तो पुण्यलोकी राहून पुन्हा चांगल्या घरात जन्मतो, किंवा थेट योग्यांच्याच कुळात येतो, जे फार दुर्लभ आहे. तिथे त्याला आधीच्या देहातली बुद्धी परत मिळते आणि तो पुढच्या प्रयत्नाला लागतो. माउली तर म्हणतात की असा माणूस वयाच्या गावाला पोचायच्या आधी, बालपणीच ज्ञानी होतो. ही ओवी वाचली की आपल्याला माउलीच आठवतात, कारण परंपरेप्रमाणे नेवाशाला हा ग्रंथ सांगून झाला शके १२१२ मध्ये, तेव्हा त्यांचं वय जेमतेम १५-१६ होतं. (कृपा करून याचा 'तुमच्या वयात माउलींनी काय केलं होतं' असा मेसेज बनवून पुढे पाठवू नका. आधीच असले मेसेज कमी नाहीत.)

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच करतो. काम अर्धवट असलं तरी कमिट करून ठेवलं की लॅपटॉप बदलला तरी तिथूनच उचलता येतं. उपमा ओढूनताणून आणलेली आहे हे मला कळतं, पण श्लोक ४३ वाचताना डोक्यात तीच येते, काय करणार.

काल रात्री मी भावाला पुन्हा फोन केला आणि हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे दादा, पोस्ट पुढच्या जन्मी निघणार का?"

आम्ही दोघंही हसलो. पण त्याचं म्हणणं खरंच आहे. हे श्लोक परीक्षेबद्दल नाहीत, प्रमोशनबद्दल नाहीत, पॅकेजबद्दल तर नाहीतच. 'केलेला अभ्यास वाया जात नाही, तीन वर्षांचं वाचन इंटरव्ह्यूत कामी येईल' असा अर्थ इथून काढून त्याच्या हातात ठेवणं ही फसवणूक होईल. कामी येईल किंवा येणारही नाही. भगवंतांनी त्याची हमी दिलेली नाही. हमी दिली आहे ती कल्याणाचं करणाऱ्याला. म्हणून मी त्याला विचारलं, "त्या तीन वर्षांत कल्याणाचं असं काय केलंस?"

"काय करणार? अभ्यास केला. खाल्लं, झोपलो."

"आठव की."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूहळू सांगायला लागला. अभ्यासिकेत त्याच्या शेजारी एक नवीन मुलगा बसायचा, गावाकडचाच, दोन वर्षांनी लहान. त्याला राज्यघटना काही केल्या कळत नव्हती. यानं त्याला दोनेक महिने रोज रात्री कट्ट्यावर बसून कलमं समजावून सांगितली, अगदी स्वतःची उजळणी बाजूला ठेवून. या वेळी त्या मुलाची पूर्व निघाली. शिकवणाऱ्याची गेली.

"त्याचा फोन आला होता पेढे घेऊन येतो म्हणून. त्यानंतर मी त्याचा फोन उचललेला नाही, दादा."

यावर मला गीतेतलं काही सांगावंसं वाटलं नाही. एवढंच म्हणालो, "उद्या सकाळी त्याला फोन कर. पेढे घे. आणि मुख्य परीक्षेसाठी तुझ्या नोट्स त्याला देऊन टाक." तो हूं म्हणाला. केला की नाही, अजून माहीत नाही.

तुकोबांची आठवण इथे काढायलाच हवी. ऐन विशीत दुष्काळ आला. पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, व्यापार तुटीत आला. हे दुसऱ्या कुणी रचलेलं नाही, त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवलं आहे. त्या वर्षी देहूत कुणा नातेवाइकाला 'तुकारामाची प्रगती कशी काय?' असं विचारलं असतं तर त्यानं काय उत्तर दिलं असतं? दिवाळं निघालं, दुसरं काय. आणि ते खोटंही नव्हतं. दिवाळं निघालंच होतं.

आता माझं सांगतो. हे लिहावं की नाही याचा काल रात्री बराच विचार केला.

भाऊ मला फोन करतो, कारण घरात मी 'सेटल' झालेला आहे. माझ्या सव्विसाव्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, कागदावर सगळं ठीकच चाललं होतं. हिंजवडीत नोकरी होती, ऑनसाइटची बोलणी सुरू होती, फ्लॅटचं बुकिंग झालं होतं. नोकरीसाठी गाव सोडताना आबांनी मला ज्ञानेश्वरीची प्रत दिली होती आणि सांगितलं होतं, रोज दहा ओव्या वाच, जास्त नको. मी दुसऱ्या अध्यायापर्यंत वाचली आणि ठेवून दिली. सोडायची असं काही ठरवलं नव्हतं. रात्रीचे कॉल असायचे, मग उद्या वाचू, मग रविवारी वाचू.

एकदा आबांचा फोन आला. जेवलास का वगैरे झालं आणि त्यांनी विचारलं, "वाचन कुठवर आलं रे बाबा?"

मी म्हणालो, "बारावा चालू आहे."

का म्हणालो, माहीत नाही. ग्रुपवर जसे आपण सगळे जरा पुढे गेल्याचं दाखवतो, तसंच तोंडातून निघून गेलं. आबांना इतका आनंद झाला की ते बाराव्या अध्यायावर बोलायलाच लागले. भक्ताची लक्षणं, कुणाचाही द्वेष न करणारा तो कसा असतो, त्यांचे महाराज कीर्तनात काय सांगायचे. माझी मीटिंग सुरू झाली होती. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि मध्ये मध्ये हो हो करत राहिलो. ते वीसेक मिनिटं बोलले असतील. त्यातलं मला आज काहीही आठवत नाही.

२०१७ मध्ये आबा गेले. ते खोटं होतं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

श्लोक ४४ मध्ये म्हटलंय की पूर्वीचा अभ्यास माणसाला त्याची इच्छा नसतानाही ओढून नेतो. मूळ शब्द 'अवश' आहे. म्हणजे आपण ठरवलेलं नसतं, आपला त्याच्यावर ताबा नसतो. २०२० मध्ये पायी वारी झाली नाही आणि माउलींच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसनं पंढरपूरला गेल्या. ते मी घरात टीव्हीवर बघत होतो. हेडफोन कानात, समोर लॅपटॉप, त्यावर कुठलीशी रिलीज चालू. फुलांनी सजवलेली ती बस निघाली आणि मी उठून कपाट उघडलं. काही ठरवून उठलो नव्हतो. त्या दिवशी नुसता हरिपाठ वाचला. ज्ञानेश्वरी पहिल्यापासून हातात घ्यायला त्यानंतरही काही वर्षं गेली. तेव्हा ओढ कुणाची होती? माझा अभ्यास दीड-दोन अध्यायांचा, तेवढ्याची ओढ कितीशी असणार? मला वाटतं आबांचाच अभ्यास मला ओढत होता. शास्त्राला हे मान्य होईल का, मला माहीत नाही, जाणकारांनी सांगावं. पण श्लोक ४२ मध्ये कुळाचा उल्लेख आहे खरा.

म्हणजे अर्जुनाचा तो फाटलेला ढग आमच्या दोघांपैकी कोण, हे मला काल नीट सांगता येईना. नोकरी नसलेला तो दोन महिने कट्ट्यावर कुणाला तरी राज्यघटना शिकवत होता. माझी प्रगती चालू होती आणि मी म्हाताऱ्या माणसाला स्पीकरवर ठेवून हो हो करत होतो.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग विचारलं, "मग दादा, आता कुठवर आलंय?"

म्हटलं, सहावा चालू आहे.

उद्या श्लोक ४६ आणि ४७ घेऊ, म्हणजे हा अध्याय पुरा होईल. आबांना सांगितलेला बारावा अजून बराच लांब आहे. रोज दहा ओव्या, जास्त नको.

राम कृष्ण हरी.