भाता हलवणारा मुलगा

रविवारी पहाटे सिंहगड रस्त्यावर उभं राहिलं, तर खडकवासल्याच्या दिशेने सरकणारी लाल दिव्यांची रांग दिसते. डॉक्टर, बँकेतली माणसं, सॉफ्टवेअरवाले, निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं-मुली. आठवडाभर खुर्चीत बसलेली ही मंडळी घाट चढायला निघालेली असतात. मीही त्या रांगेत असतो. डोणज्याच्या फाट्यावर चहाला थांबलं की बोलणं हमखास सायकलींवर येतं आणि सायकलींवरून वजनावर. नवी कार्बनची चाकं कोणी घेतली, त्याने किती ग्रॅम वाचले, पुढच्या महिन्यात काय बदलायचं, असं ते चालू राहतं.

चांगल्या वस्तूची हौस असणं मला वाईट वाटत नाही. सुबक फ्रेमवर हात फिरवताना होणारा आनंद खराच असतो. पण सायकलींच्या जागतिक संघटनेने 2000 सालापासून शर्यतीच्या सायकलीचं वजन 6.8 किलोपेक्षा कमी नसावं असा नियम केला आहे, आणि व्यावसायिक स्पर्धकांनाही त्याच्या खाली जाता येत नाही. आपण रविवारी मित्रांबरोबर सिंहगडाला जाणारी माणसं. आपलं सगळं बोलणं विकत घेतलेल्या गोष्टींभोवती फिरतं आणि राखलेल्या गोष्टींबद्दल कोणीच बोलत नाही, याची मला काळजी वाटते. महागडी चाकं लावलेल्या सायकलीची ब्रेकची रबरं चकचकीत होऊन कडक झालेली मी अनेकदा पाहिली आहेत.

ब्रेकचंच घेऊ. पावसाळ्यात रस्त्यावरची खडीची भुकटी रिमला चिकटते आणि रबरात रुतून बसते. मग दर वेळी ब्रेक दाबला की ते बारीक कण रिम खरवडतात. अशी रबरं काढून उजेडात धरली, तर त्यात ॲल्युमिनियमचे चमकणारे कण दिसतात. टाचणीच्या टोकाने ते एकेक करून उपटायचे, रबराचा तुळतुळीत झालेला थर पॉलिश पेपरवर घासून काढायचा, रिम फडक्याने पुसायची. सगळं मिळून पाव तासाचं काम. ब्रेकची तार लिव्हरमध्ये जिथे अडकते, तिथे तिचा एखादा पदर तुटलेला असू शकतो, पण लिव्हर पूर्ण दाबून आत डोकावल्याशिवाय तो दिसत नाही. एक पदर तुटला की बाकीच्यांवर ताण येतो, आणि उरलेले नेमके उतारावर, सगळ्यात जोरात ब्रेक दाबलेला असतानाच तुटतात.

हे आपल्या जिवापुरतं असतं, तर मी या स्तंभात लिहिलं नसतं. घोळक्यात सायकल चालवताना पुढच्याच्या मागच्या चाकात आणि आपल्या पुढच्या चाकात हातभरच अंतर असतं. वारा अडतो, श्रम वाचतात, म्हणून सगळे असे चिकटून चालतात. मागच्याला रस्ता दिसत नाही, दिसते फक्त पुढच्याची पाठ. खड्डा आला की पुढचा हात खाली करून बोट दाखवतो, त्याच्या मागचा तसंच करतो, आणि ती खूण शेवटपर्यंत पोहोचते. दहा माणसं एकमेकांच्या पाठीवर भरवसा ठेवून ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जात असतात. त्यातल्या एकाचीच तार तुटली किंवा चेन घसरली, तर त्याच्याबरोबर मागचे तिघे-चौघे पडतात. आपल्या सायकलीची निगा हा आपला खासगी मामला आहे, असं मला म्हणूनच कधी वाटलेलं नाही.

चेनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण दुर्लक्षाची किंमत तिथे पट्टीने मोजता येते. चेन ताणली असं आपण म्हणतो, पण लोखंड काही ताणलं जात नाही. कड्यांमधल्या पिना धुळीच्या कणांनी झिजतात आणि प्रत्येक जोडात जरा जरा ढिलाई येते. पिनेपासून पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं. म्हणून नव्या चेनवर पट्टी ठेवून शून्यावर एक पिन धरली, तर चोविसावी पुढची पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेलेली दिसली की चेन बदलायची, दातेरी चक्र अजून वाचलेलं असतं. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर झिजलेल्या चेनने चक्राचे दातही खाल्लेले असतात आणि दोन्ही बदलावं लागतं. चेनपेक्षा चक्र बरंच महाग. ज्याने आठवड्याला फडकं फिरवलं आणि तेलाचे थेंब सोडले, त्याची चेन जास्त काळ टिकते.

हे मोजमाप मी शेल्डन ब्राउन यांच्या लिखाणातून शिकलो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका सायकलीच्या दुकानात ते काम करायचे. जुन्या-नव्या प्रत्येक सुट्या भागाबद्दल त्यांना जे माहीत होतं, ते त्यांनी कोणालाही वाचता येईल असं लिहून ठेवलं. ते ज्ञान लपवून आपल्या दुकानाचा धंदा वाढवणं त्यांना सहज शक्य होतं. शेवटच्या काळात आजाराने त्यांचा तोल राहीना, तेव्हा ते तीन चाकांच्या सायकलीवर आले, पण लिहिणं थांबवलं नाही. 2008 साली ते गेले. आजही नवशिका रात्री एखादा नट फिरवताना अडला, तर त्यांच्याच मजकुराशी येऊन थांबतो.

निगा राखतानाही एक गोष्ट नजरेआड होते. चेन धुतलेलं काळं डिझेल सोसायटीच्या गटारात जातं आणि पुढे नदीत. ते बाटलीत भरून दोन दिवस ठेवलं, तर गाळ खाली बसतो आणि वरचं डिझेल पुन्हा वापरता येतं. ज्याची सायकल स्वच्छ आणि मोरी काळी, त्याने आपली घाण फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलेली असते.

आता स्वावलंबनाकडे येतो. बीआरएम हा ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठण्याचा सायकलीचा प्रकार महाराष्ट्रात चांगला रुजला आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. पहिला-दुसरा नंबर नसतो. जो वेळेत पोहोचला तो पोहोचला. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा, रात्री अंगावर चमकणारं जाकीट हवं. आणि ठरलेल्या थांब्यांखेरीज वाटेत तुमच्या माणसांनी गाडी घेऊन मदतीला यायचं नाही. पंक्चर तुमचं, तुटलेला स्पोक तुमचा. या सगळ्याची थोरली बहीण म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. 1891 साली ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता ती दर चार वर्षांनी होते, शर्यत म्हणून नाही, आणि 1200 किलोमीटरसाठी जास्तीत जास्त नव्वद तास मिळतात. आपल्याकडचेही अनेक जण तिथे जाऊन आले आहेत. जो जाऊन येतो, तो रस्त्याकडेच्या गावांबद्दल भरभरून बोलतो. लोक घरासमोर टेबल मांडून रात्री-बेरात्री येणाऱ्याला कॉफी आणि पाणी देतात. वारीच्या वाटेवरच्या गावांना हे नवीन नाही.

म्हणजे स्वावलंबनाचा नियमही आहे आणि अनोळखी माणसाचा हातही आहे. या दोन्हींचं नातं काय, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे, आणि तो पडला की 1913 सालची टूर द फ्रान्स आठवते. युजेन क्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलपटू तेव्हा जिंकण्याच्या स्थितीत होता. पिरेनीज पर्वतातला तुर्माले घाट उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. नियम असा होता की दुरुस्ती स्पर्धकाने स्वतःच करायची, सायकल बदलायची नाही, कोणाची मदत घ्यायची नाही. दहा किलोमीटरहून जास्त अंतर तो सायकल खांद्यावर घेऊन उतरला आणि सेंत मारी द कांपां या गावी लोहाराच्या भट्टीशी पोहोचला. लोहाराने फक्त तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही, आणि पंच शेजारी उभे. क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवलं, ठोकलं, जोडलं. तीनेक तास गेले. पण एका हातात चिमटा आणि एका हातात हातोडा असताना भाता कोण हलवणार? तिथल्या एका लहान मुलाने तो हलवला. त्याबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला, पुढे तो कमी करून तीन मिनिटांवर आणला. तो एकूण सातवा आला. 1919 साली टूरमध्ये पिवळी जर्सी पहिल्यांदा आली आणि ती त्यालाच मिळाली. शर्यत संपत आली असताना पुन्हा चिमटा तुटला.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला मात्र त्या मुलाबद्दल विचार करावासा वाटतो. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्याच्यामागे श्रीमंत कारखाना आहे, त्याने नव्या सायकली पुरवून शर्यत जिंकू नये, असा तो हेतू होता, आणि न्यायाच्या दृष्टीने तो मला पटतो. तरीही भाता हलवणाऱ्या हाताला गुन्हा ठरवणारा नियम कुठेतरी चुकलेला असतो. क्रिस्तोफने जे स्वतःला करता येण्यासारखं होतं, ते सगळं केलं. उरलं ते दोन हातांच्या माणसाला शक्यच नव्हतं. स्वावलंबनाचा अर्थ मी एवढाच लावतो, की आपल्या आळसाचं ओझं दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये. त्यापुढे जो हात लागतो, तो घ्यायला लाजू नये, आणि तसा हात द्यायची वेळ आपल्यावर आली तर घड्याळ बघू नये.

हे मला नीट उमगलं ते लोणंद–फलटण रस्त्यावर. गळिताचा हंगाम होता, थंडी कडक होती. रात्री माझ्या मागच्या चाकाची हवा गेली. ट्यूब बदलली, पंपाने हवा भरली, थोडं अंतर गेलो तर पुन्हा चाक बसलं. टायरच्या आतून बोट फिरवत होतो, पण थंडीने बोटं बधिर झाली होती आणि काही लागत नव्हतं. समोरून जुन्या काळ्या सायकलीवरून एक मध्यमवयीन माणूस आला, कानाला मफलर, कॅरिअरला डबा. साखर कारखान्यात रात्रपाळीला निघाला होता.

"काय झालं दादा?" म्हणत उतरला. मोबाइलचा उजेड धरला. मग तो माझ्या हातात देऊन टायर स्वतःकडे घेतलं. आतून चाचपलं नाही. बाहेरून दोन्ही अंगठ्यांनी दाबत, उलगडत, तो इंचाइंचाने पुढे सरकला. एका ठिकाणी रबर फाकलं आणि खाली केसाएवढी बारीक तार दिसली. ट्रकचं टायर फुटलं की त्यातल्या तारांचे तुकडे रस्त्यावर पडतात, त्यातली. "ही दाबल्याबिगर वर येत न्हाई," तो म्हणाला आणि नखांनी तिला उपसून काढली. माझा बारीक व्हॉल्व्ह पाहून त्याने विचारलं, "यात हवा कुठनं भरता?" मी दाखवलं, त्याने लक्ष देऊन बघितलं. त्याच्या सायकलीला अजून व्हॉल्व्ह-ट्यूबच होती.

तो निघाला तेव्हा पाहिलं, त्याच्या सायकलीला मागे दिवा नव्हता. मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर फुटलेला होता. त्याच रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या धावत होत्या. मी अंगावर चमकणारं जाकीट, मागे एक लुकलुकणारा आणि एक स्थिर असे दोन दिवे लावून उभा होतो. माझ्यापेक्षा जास्त अंतर तो वर्षभरात त्याच रस्त्यावर काढत असणार, आणि तेही रोज रात्री, हौस म्हणून नव्हे. मी मागचा एक दिवा काढून त्याच्या सीटखाली बांधला. पण तो दिवा चार्ज करावा लागणारा होता. दोन-तीन रात्रींत विझला असेल, हे मला फलटणला पोहोचेपर्यंत कळून चुकलं होतं.

दर हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात आणि त्या हव्याच. त्याच रस्त्यावरच्या सायकलींसाठी अशी मोहीम माझ्या पाहण्यात नाही, आणि सायकलीची किंमत ज्यांना कळते अशा आमच्यासारख्या गटांनी ती काढावी, असं मला मनापासून वाटतं. एका कार्बनच्या चाकाच्या पैशांत एका कारखान्याच्या सगळ्या सायकली उजळतील. दिवे देऊ नयेत, चमकणारी टेप द्यावी. तिला चार्जिंग लागत नाही, कोणी चोरत नाही, पावसात टिकते. मागच्या मडगार्डवर लाल पट्टी आणि पॅडलच्या कडांना पिवळ्या पट्ट्या. वरखाली होणारा उजेड दिसला की ट्रकवाल्याला ती सायकल आहे हे लांबूनच कळतं. बरोबर ब्रेकची रबरं घ्यावीत, पण आपल्या सायकलीची नव्हेत. जुन्या काळ्या सायकलींना काठीचे ब्रेक असतात, त्यांची रबरं वेगळी असतात आणि ती गावच्या सायकल दुकानात मिळतात. त्याच दुकानाच्या मामांना बोलवावं आणि त्यांना त्यांच्या कामाचा पूर्ण दर द्यावा. आपली सेवा त्यांच्या रोजगारावर येता कामा नये.

वेळ पाळी सुटण्याची धरावी. रात्रभर उभा राहिलेला माणूस पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, आणि त्याला तसा आग्रहही करू नये, फोटोसाठी तर नाहीच. त्यामुळे टेप आदल्या रात्रीच मापाने कापून ठेवावी आणि मडगार्ड पुसायला फडकी भरपूर घ्यावीत, कारण धुळीवर ती चिकटत नाही.