गंधाराखालची रेघ

मिरजेत सतारमेकर गल्लीच्या जवळ एक गायनमास्तर राहत असत. सगळं गाव त्यांना बुवा म्हणे. मैफली त्यांनी फारशा केल्या नाहीत. लहान मुलांचा सा लावून देण्यात त्यांची हयात गेली आणि त्यातूनच त्यांनी नवशिक्यांसाठी एक पुस्तक लिहिलं. आधी अलंकार, मग भूप, दुर्गा, काफी, भीमपलास असे राग, प्रत्येक रागाची सरगम आणि एक बंदिश. शिकवायला कुणी नाही अशा गावातल्या पोरानं पेटी पुढ्यात घ्यावी, पुस्तक उघडावं आणि भूप काढावा, ही त्यांची इच्छा. पुस्तकानं ती पुरी केली. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या शाळांतून ते वर्षानुवर्षं जात राहिलं.

पहिल्या आवृत्त्या शिशाच्या खिळ्यांवर निघाल्या. ते खिळे जुळवणाऱ्या अण्णांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. पुढे तो छापखाना बंद पडला, अण्णा घरी बसले आणि नवी आवृत्ती दुसऱ्या प्रेसमध्ये संगणकावर तयार झाली. तिथे मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना अक्षरं सगळी नीट आली, पण अक्षरांखालच्या रेघा काही पानांवर गळाल्या. नेमक्या कुठे? भीमपलासाचे आरोह-अवरोह ठीक होते, अस्थाई ठीक होती. पान उलटल्यावर अंतरा सुरू होई, तिथे गंधाराखाली रेघ नव्हती. पहिल्याच निषादाखालचं टिंबही गेलं होतं.

बुवांनी सगळी प्रुफं स्वतः वाचली. वाचली म्हणजे गायली. मांडीवर ताल धरून ते अंतरा गात गेले आणि त्यांच्या गळ्यातून कोमल गंधारच निघाला, कारण भीमपलासात दुसरा गंधार त्या गळ्याला ठाऊकच नव्हता. कागदावर काय आहे ते डोळ्यांना दिसायच्या आधी गळ्यानं दुरुस्त करून टाकलं होतं. प्रूफ पास झालं, पुस्तक छापलं गेलं, विकलंही गेलं.

ज्यांनी गाणं कधी लिहिलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की स्वरलिपीत सगळा अर्थ या बारीक खुणांत असतो. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब आणि तार सप्तकातल्या स्वरावर टिंब. समेला गुणाकाराचं चिन्ह, कालाला शून्य. पलुसकर पद्धतीत यातलं बरंच बदलतं. तिथे स्वरावरचं टिंब मंद्र दाखवतं आणि तार सप्तकाला उभी रेघ असते. सम एक आकड्यानं, काल अधिकच्या चिन्हानं. तेच टिंब तिथेच छापलेलं, पण एका पुस्तकात ते मुलाला वर चढवतं आणि दुसऱ्यात खाली उतरवतं. कथेच्या पुस्तकात वेलांटी चुकली तरी वाचणारा शब्द ओळखतो, कारण तो शब्द त्याला आधीपासून येत असतो. स्वरलिपीत रेघ गेली की कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो. तोही खराच स्वर. पेटीवर त्याचीही पट्टी आहे आणि ती दाबली की सुरेलच वाजते. चूक झाली असं सांगणारं त्या कागदावर काहीच उरत नाही.

दोनेक वर्षांनी बुवा एका केंद्रावर परीक्षक म्हणून बसले होते. जतकडची एक सातवीतली मुलगी आली. बरोबर आई. गावात गाण्याचे शिक्षक नव्हते. मामाची जुनी पेटी होती आणि पुस्तक होतं. मुलीनं अलंकार म्हटले, भूप म्हटला. आवाज स्वच्छ, लयीला पक्की. मग तिनं भीमपलास धरला. अस्थाई छान गेली. अंतऱ्याला तिनं पहिला निषाद घेतला तो मंद्रातला नाही, मधल्या सप्तकातला, आणि तिथून एका झेपेत खाली सा वर उतरली. नवख्या गळ्याला ही झेप सोपी नाही. तिची एक श्रुतीही हलली नाही. पुढे शुद्ध गंधार. साथीला बसलेल्या पेटीवाल्याचं बोट अडखळलं. भीमपलासाच्या अवरोहात गंधार शुद्ध केला की उरतो तो सरळ खमाजचा अवरोह. ती मुलगी अस्थाईत भीमपलास गात होती आणि अंतऱ्यात खमाज, दोन्ही मनापासून.

शेजारच्या परीक्षकांनी कागदावर ‘राग अशुद्ध’ लिहिलं. बुवांनी पेन बाजूला ठेवलं.

“बाळ, हा गंधार कुठनं आणलास?”

“पुस्तकातनं, सर.” तिनं खाकी कव्हर घातलेलं पुस्तक पिशवीतून काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

बुवांनी पाहिलं आणि म्हणाले, “कोमलच तर आहे.”

“न्हाई सर. रेघ न्हाई. मागच्या पानावर हाय, हितं न्हाई. मलाबी आधी चुकल्यागत वाटलं. पण पहिल्या पानावर लिवलंय की, खाली रेघ नसंल तर स्वर शुद्ध. म्हणलं अंतऱ्यात येगळा असंल. लई दिवस बसत न्हवता, मग बसवला.”

बुवांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघ नव्हती.

त्या पोरीच्या कानाला शंका आली होती. तिचा कान बरोबर होता. पण पुस्तक छापलेलं, वर मिरजेच्या बुवांचं नाव, आणि ती जतकडची सातवीतली मुलगी. तिनं आपल्या कानाला गप्प केलं आणि पुस्तकाचं ऐकलं. जाणत्याच्या हातात हे पान पडलं असतं तर त्यानं चूक पाहिलीही नसती आणि त्याचं काही बिघडलंही नसतं. ज्याला पुस्तकाशिवाय दुसरा आधार नाही, सारं नुकसान त्याच्याच वाट्याला येतं. नवशिक्यांच्या पुस्तकाला थोरांच्या ग्रंथापेक्षा अधिक जपायला हवं, असं मला वाटतं ते यासाठी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पोरांचं पुस्तक आहे, कोण एवढं बघतंय, असं म्हणून ते शेवटी हातात घेतलं जातं.

“हे पुस्तक माझं आहे,” बुवा तिच्या आईकडे बघत म्हणाले. “चूक माझी. हिनं लिहिलंय तसंच गायलंय, आणि फार चांगलं गायलंय.”

पुढे दर रविवारी आई तिला एसटीनं मिरजेला आणू लागली. बुवांना वाटलं होतं, कोमल गंधार दाखवला की झालं. तसं झालं नाही. अस्थाईत तिचा गंधार जागेवर बसे, पण अंतऱ्याचा निषाद आला की गळा आपसूक वर जाई आणि शुद्ध गंधारावर उभा राही. रोज पहाटे उठून घोटलेला स्वर नुसता सांगून हलत नाही. बुवांनी ती बंदिश बंद केली. भीमपलासाच्या नव्या सरगमी लिहिल्या, नि सा ग म पुन्हा मंद्रापासून हळूहळू चढवून घेतलं. पावसाळा संपत आला तेव्हा कुठे अंतरा रागात आला. एका न छापलेल्या रेघेचं हे काम, आणि हे एका मुलीचं. पुस्तक घेऊन बसलेल्या बाकीच्या मुलांना मिरजेला कोण आणणार होतं?

बुवा अण्णांकडे गेले. म्हातारा ओट्यावर बसला होता. पुस्तक पाहून म्हणाला, “रेघा गेल्या व्हय? प्रूफ कुणी बघितलं?”

“मीच.”

“मग जाणारच.”

बुवा काही बोलले नाहीत.

“राग मानू नका बुवा. तुम्ही गात गात वाचता. तुमाला येतंय त्ये तुमी वाचता, कागदावरचं न्हवं. मला सा कळत न्हवता का प. हस्तलिखितात रेघ असली की रेघ बसवायची, टिंब असलं की टिंब. वळीत सोळा घरं भरली का मोजायचं. पंधरा भरली तर कायतरी ऱ्हायलंय. पयल्या आवृत्तीला तुमी पास केलेल्या प्रुफावर मी आठ-धा रेघा घातल्यात.”

“मला कधी बोलला नाहीत!”

“सांगायचं काय त्यात? हस्तलिखितात व्हत्या.”

बुवांना त्या आवृत्तीचं कौतुक झालेलं आठवलं. एकही चूक नाही म्हणून लोकांनी त्यांचीच पाठ थोपटली होती.

प्रेसचे मालक म्हणाले, शेवटच्या पानावर शुद्धिपत्र चिकटवू, शिल्लक प्रती खपून जातील. बुवांनी मानलं नाही. शुद्धिपत्र कोण वाचतं? आपल्याला चूक भेटणार आहे हे ज्याला माहीत आहे तो. शिकणारं मूल पहिल्या पानापासून निघतं आणि शेवटच्या पानावर पोचेपर्यंत स्वर गळ्यात बसलेला असतो. बुवांनी शिल्लक गठ्ठे घरी आणले आणि विद्यार्थ्यांना बसवून प्रत्येक प्रतीत गंधाराखाली, निषादाखाली लाल शाईनं रेघा आणि टिंबं घातली. जिथे जिथे पुस्तकं गेली होती त्या शाळांना आणि दुकानदारांना त्यांनी पत्रं लिहिली, सोबत दुरुस्त पान. काहींची उत्तरं आली, बऱ्याच जणांची आली नाहीत.

नव्या आवृत्तीची प्रुफं आली तेव्हा त्यांनी ती स्वतः वाचली नाहीत. मुलीपुढे ठेवली.

“कागदावर आहे तेवढंच वाजवायचं. तुला काय वाटतं, राग काय म्हणतो, काही बघायचं नाही. खटकलं की खूण कर.”

“बरोबर असलं तरी?”

“बरोबर-चूक मी बघतो. तू फक्त अडखळ.”

ती पेटी घेऊन बसली. बुवा खोलीत थांबले तर नकळत गुणगुणतील म्हणून बाहेर ओसरीवर गेले. दुपारपर्यंत तिच्या चारपाच खुणा झाल्या. एका ओळीत सोळाऐवजी सतरा घरं, एका ठिकाणी समेची खूण दुसऱ्या मात्रेवर सरकलेली. मग तिनं हाक मारली.

“भूपाच्या पानावर वादी गंधार, संवादी धैवत लिवलंय. मागच्या तक्त्यात वादी धैवत आणि संवादी गंधार. राग योकच, मग दोन कसं?”

बुवा आत आले. तो तक्ता त्यांनी आयुष्यात किती वेळा पाहिला असेल. भूपाचे पाच स्वर तेच ठेवले आणि जोर गंधारावरून धैवतावर नेला, की राग देसकार होतो. तक्त्यावरून शिकणारं पोर देसकार गाईल आणि भूप गातोय असं समजेल. स्वरांत एकही चूक नसल्यामुळे त्याला कुणी टोकणारही नाही.

त्यांनी प्रेसला फोन लावला. मशीन थांबवा म्हणाले. पलीकडून परीक्षांचे दिवस, शाळांच्या मागण्या, कागदाचा भाव, सगळं ऐकून घेतलं.

“कागद फुकट गेला तर पैसे मी देईन.”

“पण बुवा, किती दिवस थांबायचं ते तरी सांगा.”

“तिचं पुस्तक संपेपर्यंत. आता दुर्गावर आलीय.”